अंगणात गेलेली शाळा

यंदाच्या स्मरणिकेसाठी बालशिक्षणावर काहीतरी लिहा, असे संपादक मंडळाने सांगितले तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी माध्यमिक विभागात इतिहास आणि मराठी शिकविणारा शिक्षक. तीन-चार वर्षांच्या मुलांशी माझा संबंध आला तो घरी, माझ्या मुलीपुरता. परंतु दोन वर्षांपूर्वी बालवाडीची देखरेख माझ्याकडे आली आणि तेव्हापासून दर शनिवारी पालकांच्या दोन तक्रारी माझ्या कानावर पडत आहेत. पहिली अशी की, "सर, पोरं नुसती खेळतात, लिहिणार कधी?" दुसरी तक्रार मोहल्ल्यातील जाणत्या मंडळींची. त्यांचे म्हणणे असे की, हे खेळत-खेळत शिकविण्याचे प्रकरण विलायती आहे, पैसेवाल्यांच्या मुलांसाठी आहे. मागावर पोट भरणाऱ्यांच्या मुलांना त्याचा काय उपयोग?

पहिल्या तक्रारीचे उत्तर आमच्या बालवाडीच्या बाई माझ्यापेक्षा चांगले देतात. दुसरी तक्रार मात्र इतिहासाची आहे. ती खरी की खोटी हे कागदपत्रांवरून आणि पुस्तकांवरून पाहता येते. म्हणून लिहावयास बसलो.

बालकाला मध्यभागी ठेवून शिकवावे, म्हणजे मोठ्यांना काय शिकवावयाचे आहे यापेक्षा मुलाला त्या वयात काय करावेसे वाटते येथून सुरुवात करावी, हा विचार युरोपात अठराव्या शतकात जोराने मांडला गेला. रूसोचे 'एमिल' हे पुस्तक १७६२ साली निघाले. (स्वतःची पाचही मुले त्याने अनाथालयात ठेवली, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. पुस्तक लिहिणे आणि मूल वाढविणे ही दोन निराळी कामे आहेत.) पुढे स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉझी झाला. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ साली लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिले. १८५१ साली प्रशियाच्या सरकारने या बागांवर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी फ्रोबेल वारला. मुलांनी ठोकळे रचले आणि गाणी म्हटली एवढ्याने एका बलाढ्य राज्याला धोका वाटावा, ही गोष्ट मी दरवर्षी दहावीच्या वर्गात सांगतो. मुले हसतात.

पण आपल्या विषयाला खरा आरंभ होतो तो रोम शहरात. मारिया माँटेसरी या डॉक्टर होत्या. रोमच्या सान लोरेन्झो या भागात मजुरांच्या मोठमोठ्या इमारती होत्या. आपण ज्याला चाळी म्हणतो तशा. आईबाप दिवसभर कामाला जात आणि शाळेच्या वयाची न झालेली पोरे जिन्यात, बोळात हुंदडत, भिंती खराब करीत. इमारतींच्या मालक कंपनीला भिंतींची काळजी होती. तिने एक खोली दिली आणि ६ जानेवारी १९०७ रोजी तेथे 'बालकांचे घर' उघडले. पन्नास-साठ मुले, तीन ते सहा-सात वर्षांची. माँटेसरीबाईंनी तेथे जे पाहिले त्यावरच त्यांची पद्धत उभी राहिली. मुले शांतपणे एकाच कामात तासन्‌तास रमतात, बक्षिसाची मिठाई बाजूला ठेवून पुन्हा दट्ट्याच्या पेटीकडे जातात, हे त्यांना तेथे दिसले.

या शाळेविषयी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा क्वचितच होते. ही शाळा त्या इमारतीच्या आतच होती. आईला कामावरून येता-जाता केव्हाही डोकावता येई. मुलाला स्वच्छ करून पाठविणे आणि आठवड्यातून एकदा बाईंशी बोलणे, एवढे बंधन आईवर होते. म्हणजे जगातील पहिली माँटेसरी शाळा मजुरांच्या चाळीतली होती. ज्या पद्धतीला आपण पैसेवाल्यांची म्हणतो ती जन्मली गरिबांच्या दारात.

मग ती पैसेवाल्यांकडे गेली कशी? याचे उत्तर सोपे आहे. माँटेसरीबाईंची साधने, म्हणजे ते दट्टे, गुलाबी मनोरा, रंगांच्या तक्त्या, खरखरीत कागदाची अक्षरे, ही सारी नेमक्या मापाची, चांगल्या लाकडाची, महाग. ती घेणे ज्यांना परवडत होते त्यांच्याच शाळांत ती पोहोचली. हिंदुस्थानातही तेच झाले. बाई स्वतः १९३९ साली मद्रासजवळ अड्यारला थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आल्या, महायुद्धामुळे येथेच अडकल्या आणि हजारावर शिक्षकांना त्यांनी शिकविले. इटली युद्धात उतरल्यावर त्यांचा मुलगा मारिओ याला इंग्रज सरकारने स्थानबद्ध केले होते. बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी, ३१ ऑगस्ट १९४० ला, त्याला सोडण्यात आले. परंतु त्या येथे येण्याच्या वीस वर्षे आधीच त्यांचे पुस्तक काठेवाडात पोहोचले होते.

काठेवाडातील वढवाण येथे गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. १८८५ चा जन्म. १९१३ साली त्यांना मुलगा झाला आणि याला शिकवावे कसे, या काळजीत असताना माँटेसरीचे विचार त्यांच्या वाचनात आले. त्यांनी वकिली सोडली. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० साली तेथे त्यांनी बालमंदिर काढले. मिशावाली आई, अशा अर्थाच्या नावाने लोक त्यांना ओळखू लागले. आपल्याकडे पुरुष शिक्षक लहान मुलांचा वर्ग घ्यायला लाजतात, मीही लाजत होतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

गिजुभाईंचे 'दिवास्वप्न' हे छोटे पुस्तक १९३१ चे. गोष्ट कल्पित आहे, पण ज्याने वर्ग घेतला आहे त्याला ती कल्पित वाटत नाही. एक शिक्षक शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन चौथीचा एक वर्ग वर्षभर प्रयोगासाठी मागतो. अधिकारी वर्ग देतो, पण वार्षिक परीक्षा चुकणार नाही हे बजावतो. पहिल्या दिवशी हा शिक्षक पुस्तकात वाचलेला शांततेचा खेळ घेतो. खिडक्या बंद करतो, मुलांना गप्प बसवू पाहतो. वर्गात अशी गडबड उडते की त्याला सुट्टी द्यावी लागते. बालवाडीच्या वर्गात पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझीही अगदी हीच गत झाली होती. दुसऱ्या दिवशी तो सगळे टिपण बाजूला ठेवतो आणि गोष्ट सांगू लागतो. तेथून त्याचा वर्ग सुरू होतो. बी.एड. च्या दोन वर्षांत पाठ-टाचणे पुष्कळ काढली, पण पहिला दिवस फसला तर दुसऱ्या दिवशी काय करावे हे मला या पुस्तकाने शिकविले.

भावनगरला १९२३ साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. ताराबाई मोडक. १८९२ चा जन्म, प्रार्थनासमाजी केळकरांच्या घरातल्या, १९१४ साली बी.ए. झालेल्या. त्या काळी मुलींत पदवीधर किती होत्या ते वाचकांनी आठवावे. अमरावतीचा संसार तुटल्यावर लहान मुलीला घेऊन त्या राजकोटला आल्या आणि तेथील बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. पगार चांगला, मान मोठा. गिजुभाईंच्या कामाविषयी वाचून त्यांनी ती नोकरी सोडली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, 'शिक्षणपत्रिका' निघाली, आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केले. गिजुभाई १९३९ साली वारले.

भावनगर आणि दादर येथे जे काम झाले ते मोठे होते यात शंका नाही. भारतीय गाणी, भारतीय गोष्टी, येथल्या सुताराने केलेली साधने त्यात आली. पण मुले कोणाची? मध्यमवर्गीयांची, बऱ्यापैकी खाऊन-पिऊन असलेल्यांची. हा प्रश्न बाहेरून कोणी विचारला असे नाही. गांधीजी १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले होते तेव्हा ऑक्टोबरात माँटेसरीबाईंच्या प्रशिक्षण संस्थेत त्यांचे भाषण झाले. बाईंच्या कार्याचा गौरव करून त्यांनी जी आशा व्यक्त केली तिचा आशय असा की, असे शिक्षण केवळ सुखवस्तूंच्या मुलांना नव्हे, तर अगदी दरिद्री माणसाच्या मुलांनाही मिळावे.

येथे थोडे थांबून आमच्या वाचकांना जवळच्या वाटणाऱ्या एका गृहस्थांचा उल्लेख करतो. डॉ. झाकिर हुसेन यांना आपण राष्ट्रपती म्हणून ओळखतो. ते १९६७ मध्ये राष्ट्रपती झाले व १९६९ साली पदावर असतानाच वारले. पण १९२६ ते १९४८ अशी ऐन उमेदीची बावीस वर्षे त्यांनी जामिया मिल्लिया इस्लामिया चालविण्यात घालविली. ओखल्याला जामियाच्या नव्या वास्तूची कोनशिला १ मार्च १९३५ रोजी बसविली गेली. ती बसविण्याचा मान कोणा नवाबाला, पुढाऱ्याला दिला नाही. जामियातला वयाने सर्वांत लहान विद्यार्थी, अब्दुल अझीझ नावाचा मुलगा, त्याच्या हातून ती बसविली. जामियाच्या प्राथमिक शाळेत मुलांची स्वतःची बँक होती, दुकान होते. गेर्डा फिलिप्सबॉर्न या जर्मन ज्यू बाई तेथील लहानग्यांना सांभाळीत, मुले त्यांना 'आपाजान' म्हणत. महायुद्धात शत्रुराष्ट्राची नागरिक म्हणून त्यांना काही काळ स्थानबद्ध व्हावे लागले. १९४३ साली त्या वारल्या आणि जामियाच्या कब्रस्तानातच त्यांना दफन करण्यात आले.

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून शिक्षण आणि मुलांच्या कामातून शाळेचा खर्च भागावा, ही गांधीजींची कल्पना तेथे चर्चेला होती. झाकिर हुसेन उभे राहिले आणि खुद्द गांधीजींसमोर त्यांनी सांगितले की, स्वावलंबनावर फार भर दिला तर शिक्षक गरीब मुलांच्या श्रमाचा बाजार मांडतील, गुलामांवरचे मुकादम होतील. गांधीजींचे मोठेपण असे की त्यांनी अभ्यासक्रम समितीचे अध्यक्षपद याच टीकाकाराकडे दिले. मुलाच्या बाजूने असे उभे राहणे, हे मला कोणत्याही साधनपेटीपेक्षा अधिक बालकेंद्री वाटते.

ही मूलोद्योग योजना सात ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी होती. सात वर्षांच्या आतले मूल तिच्या बाहेरच राहिले. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला पुन्हा परिषद भरली तेव्हा तालीम जन्मापासून मरणापर्यंतची मानावी असे ठरले आणि पूर्व-बुनियादी हा शब्द रूढ झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्रेपन्न वर्षांच्या ताराबाई दादरचा जम बसलेला संसार सोडून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ होत्या. अनुताई १९१० साली मोरगावला जन्मल्या, तेराव्या वर्षी लग्न झाले आणि काही महिन्यांतच विधवा झाल्या. शिकून पुण्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या होत्या. बोर्डीला थोडे दिवस जाऊन पाहावे म्हणून गेल्या त्या आयुष्यभर त्या भागातच राहिल्या.

बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले खरे, पण मुले येईनात. हा भाग मला इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. दादरला पालक मुलाचा हात धरून आणून सोडीत. येथे आई पहाटे मजुरीला जाई. मूल घराबाहेर धुळीत. त्याला शाळा म्हणजे काय हेच ठाऊक नाही. बायांनी आधी वस्तीत जाऊन मुले गोळा करावयाची, विहिरीवर नेऊन अंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे काढावयाची, मग गाणे. हरिजन वस्तीतील मुले मध्यवर्ती बालवाडीपर्यंत येत नसत. ताराबाईंनी मग उलट हिशेब केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, तेथल्या लोकांच्या सोयीच्या वेळी बालवाडी भरू लागली. तिला अंगणवाडी म्हणू लागले.

रोमच्या चाळीतून निघालेली शाळा अशी अडतीस वर्षांनी पुन्हा गरिबाच्या दारात आली. तीही साधनांशिवाय. शंख-शिंपले, चिंचोके, गुंजा, पाने, माती, नारळाच्या करवंट्या. मोजायला बिया, वर्गवारीला पाने, वजनाचा अंदाज यायला करवंटीत वाळू. जे माँटेसरीच्या लाकडी पेटीत होते ते सर्व किनाऱ्यावर आणि रानात पडलेले होते. उचलणारा हात तेवढा हवा होता.

बोर्डीच्या आत, डोंगराकडे, वारली आदिवासींचे पाडे. १९४५ हे वर्ष त्यांच्याही इतिहासात मोठे आहे. गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला तो त्याच साली, त्याच परिसरात. १९५६-५७ च्या सुमारास ताराबाई आणि अनुताईंनी आपले काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. येथे बोर्डीपेक्षाही अडचण मोठी. सहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर वर्षाचे भावंड. ती शाळेत आली तर भावंडाला कोण पाहणार? आठ वर्षांचा मुलगा गुरांमागे. तो शाळेत आला तर गुरे कोण राखणार?

यावर काढलेला तोडगा मी जेव्हा वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात घ्यावयाची. तिचे नाव विकासवाडी. मोठी बहीण भावंडाला घेऊनच येईल, त्याला पाळण्यात ठेवील, मधल्याला बालवाडीत बसवील आणि स्वतः पहिलीत जाईल. गुराख्यांसाठी कुरणशाळा. गुरे चरतात तेथे शिक्षकाने जावे आणि झाडाखाली वर्ग घ्यावा. मुलाने गुरे सोडावीत असे कोणी त्याला सांगितले नाही.

मी पुस्तक मिटून का बसलो ते सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी दुसऱ्या एका शाळेत पाचवीला शिकवीत होतो. वर्गात एक मुलगी होती. अक्षर सुंदर, कविता पाठ. पण ती रोज अर्धा तास उशिरा येई आणि आठवड्यातून दोन दिवस येतच नसे. मी तिला दाराशी उभी करीत असे. बाकीच्यांना शिस्त लागावी हा माझा हेतू. एक दिवस ती कडेवर दीड वर्षाच्या भावाला घेऊन आली. वर्ग हसला. मी तिला म्हणालो, "ही शाळा आहे, पाळणाघर नाही," आणि परत पाठविली. संध्याकाळी तिच्या घरी गेलो ते समज द्यायला. तिची अम्मी दारात बसून कांड्या भरीत होती. हात न थांबविता म्हणाली, "सर, छोटे को किसके पास छोडूं? कांड्यां भरे बगैर पगार कौन देता?" माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी हजेरीचा नियम सांगितला. मुलगी पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी तिचे नाव पटावरून कमी झाले, आणि ते कमी करणारी लाल रेघ माझ्याच हातची आहे.

ज्या प्रश्नाला मी हजेरीचा नियम सांगितला त्याच प्रश्नाला कोसबाडला पन्नासएक वर्षे आधी पाळणा बांधून उत्तर दिले होते. बी.एड. च्या अभ्यासक्रमात माँटेसरी आणि फ्रोबेलवर टिपा लिहिल्या, गुण मिळविले. विकासवाडीचे नाव एखाद्या ओळीत येऊन गेले असेल, पण ते माझ्या मनाला शिवले नव्हते.

जाणत्या मंडळींचा आणखी एक आक्षेप असतो. आपल्याकडे उस्तादाच्या हाती मूल देताना बाप म्हणे, "हड्डी हमारी, चमडी तुम्हारी." मार खाल्ल्याशिवाय इल्म येत नाही, ही आपली परंपरा, असे ते सांगतात. परंपरेत हे होते, नाही असे नाही. पण परंपरेत इब्न खल्दूनही आहे. ट्यूनिसचा हा इतिहासकार १३३२ साली जन्मला. त्याचा 'मुकद्दमा' १३७७ चा, म्हणजे रूसोच्या जवळजवळ चारशे वर्षे आधीचा. विद्यार्थ्यांशी, विशेषतः लहान मुलांशी, कठोर वागण्याने त्यांचे नुकसान होते, यावर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. जबरदस्तीने वाढलेले मूल आळशी होते, माराच्या भीतीने खोटे बोलू लागते, आत एक आणि बाहेर एक असे वागायला शिकते आणि पुढे तोच त्याचा स्वभाव बनतो, असे त्याचे निरीक्षण आहे. विद्या पायरीपायरीने द्यावी, कुवतीबाहेर लादू नये, हेही तो सांगतो. याचा अर्थ इब्न खल्दून बालवाडीचा पुरस्कर्ता होता असा ओढूनताणून काढू नये. आपल्या लोकांत ही खोड आहे, काहीही चांगले दिसले की ते आमच्याकडे आधीच होते असे म्हणण्याची. पण मार हीच काय ती आपली परंपरा, हे म्हणणे त्याच्या पुस्तकापुढे टिकत नाही. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. मी त्या मुलीला दाराशी उभे करीत होतो ते याच कायद्याच्या राज्यात, हे कबूल केले पाहिजे.

घराविषयी दोन शब्द. गिजुभाईंनी पालकांसाठी एक पुस्तक लिहिले आहे, त्याच्या गुजराती नावाचा अर्थ 'आई-बाप होणे अवघड आहे' असा. माझी मुलगी चार वर्षांची असताना मी तिचा हात धरून पाटीवर 'अ' गिरवून घेत असे. आठ दिवसांत ती पाटी पिठाच्या डब्यामागे लपवू लागली. त्याच सुमारास माझी आई दुपारी तिला सुपात मसूर आणि मूग एकत्र करून देई आणि वेगळे करावयास सांगे. तासभर पोरगी मान वर करीत नसे. अंगठा आणि तर्जनीची जी चिमूट पेन्सिल धरायला लागते ती तिला मसुराने दिली, माझ्या गिरविण्याने नव्हे. आई शाळेत गेलेली नाही. माँटेसरीबाईंनी मुलांकडून अशीच निवडण्याची, ओतण्याची, गुंड्या लावण्याची कामे करून घेतली होती, हे मी आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मग त्यांच्या घरात पण दादी असेल."

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. अनुताई कोसबाडला काम करीतच राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ च्या सप्टेंबरात त्या गेल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून एकत्र धरला आहे. बालवाडी आणि पहिली-दुसरी एका धाग्यात ओवण्याची ही कल्पना कोसबाडच्या टेकडीवर तेव्हाच चालू होती.

नाव मोठे झाले, पण नावातले अंगण हरवले असे मला कधीकधी वाटते. अंगणवाडीताईंच्या मागे आहाराच्या, वजनाच्या, लसीकरणाच्या नोंदी इतक्या लागलेल्या असतात की गाण्याला वेळ उरत नाही. त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. दुसरीकडे गल्लोगल्ली माँटेसरी अशी पाटी लावलेल्या शाळा आहेत, जेथे साडेतीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून एक ते शंभर लिहून घेतात आणि गृहपाठ देतात. सान लोरेन्झोच्या त्या बाईंना ही पाटी दाखवावयास हवी होती.

आमच्या बालवाडीत सध्या जे चालते त्याला प्रयोग म्हणणे जास्त होईल. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी बाई मुलांना घेऊन मागच्या मोहल्ल्यातील एका अंगणात जातात. तेथे आठ-दहा घरच्या बाया कांड्या भरीत बसलेल्या असतात. पटावर नसलेली, तीन वर्षे पूर्ण न झालेली पोरेही त्यात येऊन मिसळतात, त्यांना कोणी हाकलीत नाही. मोठ्या बहिणींना त्या वेळी मोकळीक मिळते. त्यांतल्या चौघी आता दुपारच्या तासांना न चुकता येतात. पहिल्या महिन्यात दोन पालकांनी मुले काढून इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गात घातली. रस्त्यावर बसवून शिकवितात, असे त्यांचे म्हणणे. एक मूल परत आले आहे, एक आलेले नाही.

साधने म्हणून आम्ही मोडक्या, टाकाऊ कांड्याच वापरतो. लांब-आखूड लावणे, मोजणे, एकीवर एक उभ्या करणे, उरलेल्या सुताच्या रंगावरून ढीग करणे, ओल्या मातीत ठसे उठविणे, सारे होते. मुलांना त्या घरच्या वाटतात आणि आयांना त्या ओळखीच्या. संध्याकाळी घरी गेल्यावर आई-लेकरांत त्याच कांड्यांवरून बोलणे होते, असे बाई सांगतात. अडचण एवढीच की एकाच कारखान्यातून आणल्यामुळे सगळ्या एकाच लांबीच्या आहेत आणि सूतही बहुतेक पांढरे. तरी ज्या यंत्रमागधारक बांधवांकडे जुन्या, निराळ्या मापाच्या कांड्या पडून असतील त्यांनी त्या भंगारात घालू नयेत, बालवाडीत पोहोचत्या कराव्यात. रंगीत सुताच्या असल्यास उत्तम. टोकाला पत्रा निघालेल्या मात्र देऊ नयेत, मुलांच्या हाताला लागतो.